रात्री न उतरणारा रक्तदाब

माझ्या वडिलांचा वरचा रक्तदाब दवाखान्यात नेहमी 130 च्या आसपास भरत असे, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) थोडे वाढलेले असूनही आम्ही निश्चिंत होतो. पुढे डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला चोवीस तास पट्टा बांधून नोंद घ्यायला लावली, तेव्हा दिवसाची सरासरी 131 आणि झोपेतली 132 निघाली.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो, आणि रात्रीची सरासरी 120/70 किंवा त्याहून अधिक असेल तर तो उच्च रक्तदाब मानला जातो. जपानमधील ओहासामा येथील पाहणीत ही घसरण जितकी कमी, तितका हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका जास्त आढळला होता, आणि दिवसाचा रक्तदाब ठीक असलेली माणसेही त्याला अपवाद नव्हती.

मूत्रपिंडे दुबळी झाली की दिवसभरात खाल्लेले मीठ दिवसाच बाहेर टाकणे त्यांना जमत नाही. उरलेले मीठ रात्री लघवीवाटे जावे म्हणून दाब चढाच राहतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. वडील रात्री तीन-तीनदा लघवीला उठत, आणि आम्ही ते वयावर ढकलले होते, याची मला आजही खंत वाटते.

हृदयाला मात्र यात विसावाच मिळत नाही. चढ्या दाबाविरुद्ध अहोरात्र रक्त ढकलताना डाव्या कप्प्याची भिंत जाड व ताठ होते, दोन ठोक्यांच्या मधे ती पुरेशी सैलावत नाही आणि मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येऊन चालताना दम लागू लागतो. याच वाटेने पुढे हार्ट फेल्युअर येऊ शकते. हृदय कमी पडले की मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते आणि ती आणखी मीठ-पाणी धरून ठेवतात. म्हणून ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जाते किंवा ज्यांचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा, 60 च्या खाली आहे, त्यांनी चोवीस तासांच्या नोंदीविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, असे मला कळकळीने वाटते.

गोळ्या रात्री घेतल्याने फायदा होतो का, हे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील टाइम या चाचणीत एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. सकाळी आणि संध्याकाळी गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. वडिलांच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांनी बदलली नाही. जेवणातले मीठ कमी करायला सांगितले आणि लघवी वाढवणारी गोळी जोडली. सहा महिन्यांनी पुन्हा पट्टा बांधला तेव्हा दिवसाची सरासरी 128 आणि रात्रीची 118 आली, म्हणजे घसरण अजून 10 टक्क्यांना पोचलेली नाही.