एका प्रश्नाला एक टोस्ट

केंब्रिजमधल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांची एक पद्धत आहे. रात्री नऊनंतर कॉलेजातल्या कुणीही देवाबद्दल, बायबलबद्दल किंवा एकूणच जगण्याबद्दल एक प्रश्न मोबाइलवरून पाठवायचा आणि सोबत खोलीचा नंबर कळवायचा. थोड्या वेळाने दोघं जण दारात हजर होतात. एकाच्या हातात गरम चीज टोस्ट आणि दुसऱ्याच्या डोक्यात, जमलंच तर, उत्तर. पैसे पडत नाहीत. उत्तर ऐकायचं नसेल तर टोस्ट घेऊन दार लावून घ्यायलाही कुणाची हरकत नसते. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत हा प्रकार चालतो. माझ्यासारखीला, जिने ख्रिस्ती सुवार्ता सांगणं म्हणजे मांडव, कर्णा आणि सतरंज्या एवढंच पाहिलं आहे, तो आधी पोरखेळच वाटला.

मी मूळची नगरची, सध्या शिकायला लीड्सला. फेब्रुवारीत केंब्रिजला मिशनचा, म्हणजे सुवार्ता सांगण्याचा, आठवडा असतो. दुपारी आणि संध्याकाळी गावात व्याख्यानं होतात आणि त्याच्या आगेमागे कॉलेजाकॉलेजात छोटे कार्यक्रम. मदतीला बाहेरून पाहुणे बोलावतात आणि एकेका कॉलेजला वाटून देतात. चर्चमधल्या ओळखीतून माझंही नाव गेलं. राहायची सोय एका निवृत्त जोडप्याकडे होती. काकू रोज रात्री माझ्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या, आणि तिची गरजही होती. सपाट मुलुख, पूर्वेचा बोचरा वारा आणि सव्वापाचलाच दिवेलागण.

व्याख्यानांबद्दल फार लिहीत नाही. वक्ते चांगले होते. दुपारच्या व्याख्यानाला जेवण फुकट असायचं, त्यामुळे गर्दीही बरी असायची. विषय ठरलेले: जगात इतकं दुःख असताना देव चांगला कसा, विज्ञान असताना श्रद्धा कशाला, येशू खरंच उठला का. किंग्ज परेडवर पत्रकं वाटायचं काम मात्र जिवावर यायचं. तिथे नदीतल्या होड्यांच्या फेऱ्या विकणारी पोरंही उभी असतात, त्यामुळे हातात कागद असलेला माणूस दिसला की लोक लांबूनच वळसा घालतात. कुणी अंगावर येत नाही. 'नको, थँक्स' म्हणतात, हसतात आणि जातात. आपल्याकडे निदान कुणीतरी थांबून भांडतं तरी.

गावात मात्र पावलोपावली इतिहास आहे. बाजारचौकाजवळ होली ट्रिनिटी चर्च आहे. चार्ल्स सिमियन १७८२ मध्ये इथे पाळक झाला, तेव्हा मंडळीतल्या लोकांना तो इतका नकोसा होता की त्यांनी आपापल्या बाकांच्या दारांना कुलपं लावून ठेवली. ऐकायला येणारे मधल्या वाटेत उभे राहायचे. सिमियन हटला नाही, १८३६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. कॉलेजातली पोरं त्याच्याकडे चहाला यायची आणि प्रश्न विचारायची. म्हणजे टोस्टच्या आधी चहा होता.

ज्या विद्यार्थी-संघटनेचा हा आठवडा, ती १८७७ सालची. पाच वर्षांनी त्यांनी अमेरिकेहून मूडी या सुवार्तिकाला बोलावलं. मूडी जेमतेम शिकलेला, पूर्वी बुटांच्या दुकानात विक्रेता होता. कॉर्न एक्स्चेंजमध्ये पहिल्या रात्री पोरांनी त्याच्या उच्चारांची टर उडवली आणि सोबतच्या सँकीच्या गाण्याला 'वन्स मोअर'चा गिल्ला केला. आठवडा संपेपर्यंत हवा पालटली होती. 'केंब्रिज सेव्हन' म्हणून प्रसिद्ध झालेले सात तरुण १८८५ मध्ये मिशनरी म्हणून चीनला गेले. त्यांच्यात सी. टी. स्टड होता, इंग्लंडकडून १८८२ ची ओव्हल कसोटी खेळलेला. ज्या पराभवावरून 'ॲशेस' हे नाव पडलं, तीच ती कसोटी. हे मी लीड्सला परतल्यावर आमच्या क्रिकेटवेड्या घरमालकांना सांगितलं, तर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या चर्चच्या गोष्टीत रस घेतला.

टोस्टचं काम कॉलेजातल्या एवढ्याशा स्वयंपाकखोलीत चालायचं. दोन टोस्टर, चेडर चीजच्या लाद्या आणि ढीगभर पांढरा पाव. चटणी नाही, कांदा नाही, मीठसुद्धा नाही. नगरच्या बसस्टँडवरचं टोस्ट सँडविच यापुढे पक्वान्न म्हणावं. एकदा धुराने आगीची घंटा वाजली आणि अख्खी इमारत पायजम्यांत बाहेर थंडीत उभी राहिली. मिशनला इतके श्रोते एकत्र मिळाल्याची ती एकमेव वेळ, असं आमच्यातला एक जण म्हणाला.

प्रश्न काय काय यायचे! 'देव आहे तर तो माझा उद्याचा निबंध का लिहून देत नाही?' 'बायबलात डायनोसॉर का नाहीत?' 'प्रश्न नाही, पण टोस्टमध्ये अननस मिळेल का?' आणि मधूनच एखादा असा, की पाव भाजणारे हात थांबावेत. एका मुलीने विचारलं होतं, माझी आजी कशावरच विश्वास न ठेवता वारली, तुमच्या मते ती आता कुठे आहे? तिच्याकडे मी आणि तिच्याच वर्गातली एक मुलगी गेलो. उत्तर आम्ही दिलं नाही, आमच्याकडे देण्यासारखं नव्हतंच. तीच आजीबद्दल बोलत राहिली आणि टोस्ट गार झाला. मला बरं वाटलं ते एवढ्यासाठी की खोली तिची होती, खुर्ची तिची होती आणि 'आता झोपते' म्हणायचा हक्कही तिचाच होता. आमच्याकडच्या कर्ण्याला दार नसतं. ऐकणाऱ्याने जायचं कुठे?

मग एका रात्री प्रश्न आला: 'तुम्ही लोक गरिबांना आमिष दाखवून धर्म बदलायला लावता, हे खरं आहे का?' खोलीच्या दारावरचं आडनाव वाचून मी मराठीतच म्हणाले, "टोस्ट आणलाय." पोरगा चांगलाच गडबडला. सांगलीचा, गणिताच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला आलेला. आधी गाव, मग माझं आडनाव, मग आपल्याकडे आडनावानंतर जो प्रश्न जिभेवर येतो तोही आला, जरा चाचरत. "ताई, राग मानू नका, पण तुमच्या घरी हे कधीपासून?"

राग कसला मानायचा? मी सांगितलं. पणजोबा महारवाड्यातले. गावच्या विहिरीवर पाणी मिळायचं नाही. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळात मिशनने धान्य दिलं, ते त्यांनी घेतलं.

"म्हणजे पद्धत तीच," तो म्हणाला. "तेव्हा ज्वारी, आता टोस्ट."

माझ्यासोबत आलेला इंग्रज मुलगा मराठी कळत नसल्यामुळे नुसता हसत उभा होता. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, पण तू जेवून बसलायस. हा टोस्ट तू खिडकीतून फेकून दिलास तरी तुझं काही बिघडत नाही. पणजोबांना ती सोय नव्हती. भुकेल्या माणसाने घेतलेला निर्णय खोटाच म्हणायचा असेल, तर गरिबाला कधी कुठला निर्णय घेताच येणार नाही. पाऊस पडल्यावर वस्तीतली काही घरं जुन्या धर्मात परतली, आमचं राहिलं. का राहिलं, तर पोरांना शाळेत बाकावर बसायला मिळालं, म्हणून. यात ख्रिस्त किती आणि बाक किती, हे मला वेगळं काढता येत नाही. आजीलाही आलं नसतं. ती पहाटे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची आणि आम्हाला अभ्यासाला उठवायची, दोन्ही एकाच दमात.

तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की तो स्वतः काहीच मानत नाही. "मी रँग्लर परांजप्यांच्या पक्षातला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सेंट जॉन्स कॉलेज बघायला गेलो. त्याच्या विद्यापीठाच्या कार्डामुळे मला तिकीट पडलं नाही. र. पु. परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. याच कॉलेजातून १८९९ मध्ये ते गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य आणि जन्मभर उघड बुद्धिवादी. सांगलीकराला हे सगळं पाठ होतं. त्याला माहीत नव्हतं ते हे, की याच कॉलेजचा १८०१ चा सीनियर रँग्लर हेन्री मार्टिन. तो सिमियनचा चेला होता. ईस्ट इंडिया कंपनी त्या काळी मिशनऱ्यांना थारा देत नसे, म्हणून कंपनीचा धर्मोपदेशक होऊन १८०६ मध्ये कलकत्त्याला उतरला. उर्दूत आणि फारसीत नवा करार आणला, इराणला जाताना गोवा-मुंबईही पाहिली आणि १८१२ मध्ये परतीच्या वाटेवर तुर्कस्तानातल्या तोकातला वारला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. गणित एकच, कॉलेज एकच, पहिला नंबरही एकच, आणि दोघं दोन टोकांना. "मार्टिन वाया गेला," सांगलीकर म्हणाला. मी म्हटलं, परांजप्यांबद्दल माझ्या आजीने हेच म्हटलं असतं.

त्याचा आणखी एक समज होता, की आम्हाला इंग्रजांनी बाटवलं. इथे आलेले बरेच जण तसंच धरून चालतात, अगदी माझ्या यजमान काकासुद्धा. त्या इतिहासाबद्दल ते माझी हलक्या आवाजात माफी मागायला लागले तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. नगरला आले ते अमेरिकन. मुंबईत १८१३ मध्ये, नगरला १८३१ मध्ये. आणि त्या मिशनचं मूळही विद्यार्थ्यांतच. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या काही पोरांनी १८०६ मध्ये वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना केली आणि त्यातून पुढे चार वर्षांत अमेरिकन बोर्ड ही मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली. मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल विल्यम्सचाच. आम्ही नगरकर ख्रिस्ती अशा रीतीने एका कॉलेजच्या पोरांच्या उपद्व्यापाची फळं आहोत. काकांना हे ऐकून जरा हायसं वाटलं असावं.

परतताना फ्री स्कूल लेनमधलं जुन्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचं दार पाहिलं. त्यावर १११ व्या स्तोत्रातली ओळ लॅटिनमध्ये कोरली आहे, परमेश्वराची कृत्यं थोर आहेत आणि ज्यांना ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात अशा अर्थाची. याच प्रयोगशाळेत १८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. सांगलीकराने फोटो काढला आणि दार बनवणाऱ्याने शोध घेणाऱ्यांना विचारलं होतं का, अशी शंका काढली.

शेवटच्या व्याख्यानाला तो आला. मागे बसला, फुकटचं केकही खाल्लं आणि प्रश्नोत्तरांत हात वर केला, पण त्याची पाळी येण्याआधी वेळ संपली. आठवडाभरात किती जणांचं मन बदललं याची गणती आमच्या कॉलेजात कुणी मांडली नाही, आणि मला ते आवडलं. बाप्तिस्म्याचे आकडे लिहायची खोड आपल्याकडेही सुटली तर बरं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून जो वाद घातला, तो कुठल्या रकान्यात बसवायचा?

लीड्सच्या गाडीत बसले आणि सांगलीकराचा मेसेज आला. प्रश्नांची लांबलचक यादी, क्रमांक घालून. पहिलाच असा: लूक म्हणतो की येशूचा जन्म रोमन सुभेदार क्विरीनियच्या नावनिशीच्या, म्हणजे शिरगणतीच्या, वेळी झाला, ती नावनिशी इसवी सन ६ ची. मत्तय म्हणतो हेरोद राजाच्या काळात, आणि हेरोद इसवी सनपूर्व ४ मध्ये मेला. नऊ वर्षांचा हिशेब लागत नाही, ताई. खाली लिहिलं होतं: टोस्ट नको, उत्तर पाठवा. मी त्याला कळवलं की विद्वानांची दोन-तीन उत्तरं आहेत, पण त्यातलं एकही मला पुरतं पटलेलं नाही, लायब्ररीतून पुस्तकं काढून सविस्तर लिहिते. त्यावर त्याने नुसता अंगठा पाठवला आणि मागून, यादीत राहिलेला आणखी एक प्रश्न.