अंगावर येतो त्याला येऊ दे

शाळेच्या महोत्सवासाठी आठवणी लिहायच्या तर गणिताच्या सरांबद्दल आणि गॅदरिंगबद्दल बाकीचे लिहितीलच, म्हणून मी सरळ बॉक्सिंगवर येतो. आपल्या शाळेत बॉक्सिंग होतं हे नंतरच्या बॅचच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं त्यांना. रिंग वगैरे काही नव्हतं, सायकल स्टँडच्या मागे सर चुन्याने चौकोन आखायचे, बॅग म्हणजे पोत्यात चिंध्या आणि लाकडाचा भुसा, आणि ग्लोव्ज असे की काढल्यावर दिवसभर हाताचा वास जायचा नाही, डबा खातानासुद्धा. पीटीचे सर फौजेतून रिटायर होऊन आलेले, कामठीला असताना भरपूर खेळलेले, नाक थोडं वाकडं होतं त्यावरूनच कळायचं.

सरांचं एक म्हणणं आम्हाला तेव्हा उलटंच वाटायचं. धावून अंगावर येणारा पोट्टा सोपा म्हणे, कठीण तो जो शांत उभा राहून तुमची वाट बघतो. कारण धावून येणाऱ्याचं ठरलेलं असतं, तो येणारच, तुम्हाला फक्त कधी एवढंच ओळखायचंय. "भेऊन काहून राहिला बे, तो तर सांगून येऊन राहिला ना तुले!" हे आम्ही किती वेळा ऐकलं असेल देव जाणे.

आता असा कोणी सुटला की आपण आपोआप सरळ मागे जातो, आणि सगळं तिथेच बिघडतं. मोठ्या स्पर्धेची रिंग दोरांच्या आत 6.1 मीटर, म्हणजे मधोमध उभं राहिलं तरी मागे जेमतेम तीन मीटर, चार पावलांत पाठ रोपला. शिवाय मागे जाताना वजन टाचेवर जातं मग आपल्या ठोशात काही दम राहत नाही. म्हणून तो चुन्याचा चौकोन. सर हातात पॅड घेऊन सरळ अंगावर चालत यायचे, आपण एक पाऊल मागे घ्यायचं आणि दुसरं पाऊल मागे नाही तर बाजूला, पुढच्या पायावर गर्रकन फिरून. राउंड संपला की सर खाली वाकून प्रत्येकाच्या बुटाची टाच बघायचे, चुना लागलेला दिसला की ग्राउंडला चक्कर, आणि एप्रिलातलं नागपूरचं ऊन मी काय सांगू तुम्हाला.

दुसरं म्हणजे जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तो आत येताना त्याचा पुढचा पाय हवेत असतो तो क्षण पकडायचा, कारण त्या वेळी त्याला ना थांबता येतं ना डोकं हलवता येतं, आणि तो स्वतःच पुढे येत असल्यामुळे साधा जॅबसुद्धा दुप्पट लागतो. हातांकडे बघायचं नाही, छातीकडे बघायचं, खांदे आणि पाय दोन्ही नजरेत राहतात. एक जॅब मारून थांबलं की तो त्याच्यावरून आत शिरतो म्हणून दोन, आणि डोकं खाली घालून येणारा असला तर अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीकडे ठोसा.

हे सगळं एका ठोशात बघायचं असेल तर 2007 ची फ्लॉइड मेवेदर आणि रिकी हॅटन या बॉक्सरांची फाइट बघा, दहावा राउंड. हॅटन म्हणजे नुसता घुसणारा. मेवेदर डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारता मारता डाव्या पायावर फिरून बाजूला झाला आणि हॅटन आपल्याच वेगाने जाऊन कॉर्नरच्या पॅडवर डोकं आपटला. त्याच राउंडला फाइट संपली.

आम्हा पोरांना मात्र मुहम्मद अलीच करायचा होता. 1974 ला किन्शासात फोरमनला रोपवर मारू मारू दिलं, थकवलं आणि आठव्या राउंडला झोपवलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. सर भडकायचे. त्याच्याकडे 15 राउंड होते बे, तुझ्याकडे तीन! तेवढ्यात समोरचा थकतच नाही, आणि रोपला टेकून मार खाणाऱ्याला जज पॉइंट कशाला देतील. क्लिंचचं (समोरच्याला मिठी मारून धरणं) पण तसंच, श्वास घ्यायला एखाद वेळा धरलं तर ठीक, सारखं धरलं की रेफरी आधी ताकीद देतो आणि मग वॉर्निंग, म्हणजे पॉइंट गेला.

आमच्या बॅचचा एक बारीक पोट्टा होता (नाव लिहीत नाही, आता साहेब झालाय, त्याला आवडणार नाही). जिल्ह्याला त्याच्यासमोर एक असा आला की पहिल्या राउंडला ह्याला श्वास घेऊ दिला नाही. आम्ही बाहेरून मार मार ओरडून राहिलो, सर कॉर्नरमध्ये पाणी पाजता पाजता फक्त म्हणाले, पहिला जॅब तू मार, मग त्याला वळव. दुसऱ्या राउंडला घंटी वाजल्याबरोबर हाच पुढे गेला, जॅब, जॅब, आणि फिरला. त्या पोट्ट्याला वळून परत ह्याला शोधावं लागलं, तोवर अजून एक जॅब. मागे जायची सवयच नव्हती त्याला, हा पुढे आला की त्याचे पाय एकमेकांत अडकत होते. तिसऱ्या राउंडला तो नुसता चिडून हात फिरवत होता आणि आमचा पोट्टा टाचा उचलून फिरतोय, चौकोनात फिरायचा तस्साच.

आता खेळणाऱ्यांसाठी एक सांगतो, 2013 पासून मोठ्या स्पर्धांत दहा पॉइंटची पद्धत आली आहे (राउंड जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 9 किंवा कमी), त्यात लढतीवर ताबा कोणाचा हेही जज बघतात, त्यामुळे नुसतं चुकवत फिरलात तर राउंड त्याचा जातो. चुकवलं की लगेच मारायचं, मारून मधोमध यायचं.

आपल्या नागपूरची अल्फिया पठाण 2021 ला पोलंडमध्ये युथ वर्ल्ड चॅम्पियन झाली, म्हणजे गावात पोरापोरींची कमी नाहीच. सायकल स्टँडमागची जागा अजून रिकामी आहे, महोत्सवाच्या निधीतून तिथे रिंग करा. ग्लोव्ज आणि दोन बॅगांचा खर्च माझ्याकडे, रोप आणि मॅटचं पुढच्या बॅचने बघावं, नाहीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर लय बोलतात.