ट्यूमर काढला आणि औषध तिथेच ठेवून दिलं

फार्मसीच्या मुलांना पॉलिमरचा चॅप्टर कंटाळवाणा वाटतो, पण ग्लायडेल वेफरची, म्हणजे मेंदूत ठेवायच्या औषधाच्या पॉलिमर चकतीची गोष्ट नीट सांगितली तर कुणालाच तसा वाटणार नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितेय.

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा फार वाईट कॅन्सर. सर्जनने कितीही काळजीपूर्वक काढला तरी काही पेशी मागे राहतातच, आणि ट्यूमर परत येतो तो बहुतेक वेळा जुन्या जागेपासून २ सेंटीमीटरच्या आतच. म्हणजे औषध कुठे पोचायला हवं हे आधीच माहिती असतं, तरी आपण ते शिरेतून अख्ख्या अंगात सोडतो! कार्मस्टीन हे यावरचं जुनं औषध, ते मेंदूत शिरतं पण रक्तात टिकतच नाही, मिनिटांचा खेळ असतो, आणि डोस वाढवावा तर बोन मॅरो आणि फुप्फुसांवर येतं.

एमआयटीचे रॉबर्ट लँगर आणि जॉन्स हॉपकिन्सचे न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम यांनी ठरवलं की ट्यूमर काढल्यावर जी पोकळी राहते तिथेच औषध ठेवायचं. पण कशात ठेवायचं, खरी मेहनत तिथे आहे. बरेचसे विरघळणारे पॉलिमर पाणी आत शोषून घेतात आणि मग कधीतरी आतूनच ढासळतात, तेव्हा औषध एकदम बाहेर पडू शकतं, आणि मेंदूत असं झालं तर काय होईल विचार करा. म्हणून त्यांनी पॉलिअनहायड्राइड घेतलं, ते साबणाच्या वडीसारखं फक्त वरून झिजत जातं. ग्रँट मागायला गेले तेव्हा तज्ज्ञ म्हणत होते की असं पॉलिमर बनणारच नाही, बनलं तरी औषधाशी रिअ‍ॅक्ट होईल, नाहीतर विषारी ठरेल. एकेक शंका लॅबमध्ये खोडून काढत १९९६ ला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मंजुरी मिळाली. एका वेफरमध्ये ७.७ मिलिग्रॅम कार्मस्टीन, एका वेळी जास्तीत जास्त ८ वेफर, औषध हळूहळू सुटत राहतं आणि वेफर काढायला पुन्हा ऑपरेशन नको.

फायदा किती? नव्याने निदान झालेल्या २४० जणांच्या ट्रायलमध्ये मिडियन आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगतात तो काळ) ११.६ महिन्यांवरून १३.९ वर गेलं. कमी वाटतं ना? पण ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याला विचारा की दोन महिने म्हणजे काय. तरी खोटी आशा दाखवायची नाहीये मला, इन्फेक्शन होतं, सूज येते, जखम भरायला त्रास होतो, आणि औषध वेफरपासून काही मिलिमीटरच्या पुढे फारसं झिरपत नाही, पेशी मात्र त्याच्या पलीकडे पळालेल्या असतात.

आता खरं काम या मिलिमीटरांवर व्हायला हवं. ब्रेमसारखेच काही लोक मेंदूच्या ऊतीत न चिकटता लांबवर सरकतील असे पॉलिमरचे नॅनोकण बनवतायत, वरून पीईजीचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा) दाट थर दिलेले, उंदरांच्या मेंदूत ते पसरलेले दिसलेत. एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनो, इकडे बघा.