मत्स्याची दश्शी

"अगदी छापल्यासारखं दिसतंय!" गंजिफ्याच्या पानांसारखी रंगवलेली माझी बिस्किटं बघून वहिनी कौतुकानंच म्हणाल्या, आणि ते दिवसभर मनात सलतंय. चांगलंच तर म्हणाल्या. मग लागतं का?

गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं, एकेका अवताराची १२: राजा, प्रधान, एक्का ते दश्शी. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे. ६ सेंटिमीटरच्या गोल बिस्किटावर ते दाटीनंच बसतात. पोटाची रेघ एका दमात ओढायची, शेपटीशी ब्रश उचलायचा. तीच रेघ पुन्हा गिरवली की साखर विरघळून खड्डा पडतो, म्हणून जेल रंग पाण्यात नाही, व्होडकात कालवायचा. ती उडून जाते. दहापैकी एकही मासा दुसऱ्यासारखा येत नाही. आणि छापल्यासारखं!

छापीलच हवं तर साखरेचे छापील कागद मिळतात. डबा उघडणाऱ्याला फरक कळेल का? मग एवढं डोळे फोडून… जाऊ दे.

बिस्किटावरची आयसिंगची पांढरी जमीन मात्र सुरेख वाळली. २५० ग्रॅम आयसिंग शुगर, दीड टेबलस्पून मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची पूड), साधारण ३ टेबलस्पून पाणी. सुरीनं मारलेली रेघ दहाएक सेकंदांत मिटली पाहिजे. पंख्याखाली भरभर वाळलं तर चमक राहते, दमट हवेत रेंगाळलं तर मलूल पडतं. खऱ्या पानाला लाखेची झळाळी असते, ती काही येत नाही. रात्रभर वाळू न देता लाल काठ घातला तर तो पांढऱ्यात उतरतो. फ्रिजमध्ये ठेवणं तर नकोच, बाहेर काढताच घाम सुटतो.

छापल्यासारखं. आत्ता पुन्हा आठवलं तेव्हा पानाची पाठ डोळ्यांसमोर आली. पाठीवर जरा वेगळा ठिपका असला तर समोरच्याला हातातलं पान ओळखू येईल, डावच संपला. म्हणजे चिताऱ्याला पुढे मासा जिवंत करायचा आणि मागे १२० वेळा हुबेहूब तेच काढायचं. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही पानं हातानंच रंगवतात. तिथे वहिनींचे शब्द कुणाला लागले नसते. पाठ तशीच साधावी लागते. मलाही आता तेवढे लागत नाहीत. थोडे लागतात.

कूर्माच्या पानांची पाठ आधी करायची, वाळली की स्पंजवर पालथी घालून मग पुढची बाजू. पाठीचा लाल एकदाच, पुरेसा कालवायचा. वाळताना तो गडद होत जातो. दुसऱ्या वाटीतला कितीही जुळवला तरी त्या छटेला येत नाही.