किल्ल्यावरची जीप

आमच्या साताऱ्यातल्या अंगणात दिवाळीचा किल्ला व्हायचा, तेव्हा त्याच्या इतिहासशुद्धतेची जबाबदारी कोणाकडेच नसे. विटा आणि फुटकी कौले रचायची, त्यांवर जुनी पोती टाकून लाल मातीचा चिखल लिंपायचा, उतारावर हळीव पेरायचे आणि चार दिवसांत हिरवे रान उगवले की बाजारातून आणलेली चित्रे मांडायची. सिंहासनावर महाराज आणि बुरुजांवर ढाल-तलवारीचे मावळे, इथपर्यंत सारे यथास्थित असे. पण मावळे कमी पडले की प्लॅस्टिकचे हिरवे बंदूकधारी सैनिक भरतीला येत, पायथ्याच्या गुहेत महादरवाजाहून मोठा वाघ बसे, आणि घाटरस्त्यावर एक पत्र्याची जीप उभी असे. ती जीप गडावर धान्य पोचवते, असे आम्ही ठरवून टाकले होते, त्यामुळे ती तिथे काय करते असा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

यंदा दिवाळीला बहीण पुण्याहून आली, तेव्हा भाच्याने आपले गेम खेळण्याचे यंत्रही बरोबर आणले होते. दुपारी किल्ल्याचा चिखल तुडवायचा आणि संध्याकाळी हातपाय धुऊन 'द लेजेंड ऑफ झेल्डा'च्या 2017 साली आलेल्या भागातल्या हायरूल नावाच्या राज्यात हिंडायचे, असा त्याचा दिनक्रम होता. मी चहाचा कप घेऊन शेजारी बसत असे. धनुष्यबाण, ढाली, पडके गढीकोट, घोडे असे ते राज्य मला ओळखीचे वाटू लागले होते. इतक्यात त्याचा नायक घोड्याऐवजी मोटारसायकलवरून माळरान तुडवत निघाला.

"अरे, ही कुठून आली इथे?" मी विचारले.

"मिळवावी लागते, मामा. खूप लढल्यावर मिळते," तो मान वर न करता म्हणाला.

मग त्याने मला तिची सगळी कुंडली सांगितली. दहा हजार वर्षांपूर्वी त्या राज्यात यंत्रविद्या भरभराटीला आली होती, पुढे ती जमिनीखाली गाडली गेली, आणि ही गाडी त्याच विद्येचे उरलेले अपत्य आहे. तिच्या पुढच्या भागाला घोड्याच्या तोंडाचा आकार आहे. तिला पेट्रोल लागत नाही. झोळीतली सफरचंदे किंवा मारलेल्या राक्षसांची शिंगे तिच्यात टाकली तरी ती धावते. मुळात अशी गाडी 2014 मध्ये 'मारिओ कार्ट' या शर्यतीच्या खेळासाठी घडवली गेली, तिथून ती थोडे रूप आणि नाव बदलून हायरूलला सासरी आली, आणि 2018 मध्ये त्या नव्या रूपात माहेरपणालाही जाऊन आली. एवढी सोयरीक जुळल्यावर तिला परकी म्हणायला माझी जीभ रेटेना.

मात्र त्याच खेळात एका पेटीतून एक सदरा निघतो आणि त्या सदऱ्यावर, ज्या यंत्रावर भाचा खेळत होता त्या यंत्राचेच बोधचिन्ह छापलेले आहे. राक्षसांनी उजाड केलेल्या राज्यात नायक ते चिन्ह छातीवर मिरवत हिंडू लागला, तेव्हा माझ्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखे झाले. वास्तविक मोटारसायकलपेक्षा सदरा ही कितीतरी निरुपद्रवी वस्तू, आणि तो शिवण्यापुरती कला हायरूलच्या शिंप्यांकडे नक्कीच असणार. तरी गाडी खपली आणि सदरा खुपला. आमच्याही किल्ल्यावर एका वर्षी कुठल्याशा खाऊच्या पाकिटातून फुकट निघालेला, पोटावर कंपनीचे नाव असलेला प्लॅस्टिकचा बाहुला आला होता. जीपला मानाने रस्ता देणाऱ्या आम्ही पोरांनी त्याला मात्र दोनच दिवसांत तुळशीवृंदावनामागे नेऊन टाकले, हे मला त्या सदऱ्यावरून आठवले. 2016 सालच्या 'फायनल फँटसी 15' या खेळामध्ये राजपुत्र आणि त्याचे सोबती जगावर ओढवलेल्या अरिष्टातून वाट काढत असताना एका प्रसिद्ध जपानी कंपनीच्या पेल्यातल्या नूडल्सची तोंड भरून स्तुती करतात. तिथेही मला तो बाहुलाच दिसतो.

खरे तर या मिसळीला काही नवलाई नाही. 1981 सालच्या 'अल्टिमा'मध्ये खेळाडू तलवार-चिलखतापासून सुरुवात करतो आणि पुढे अवकाशयान घेऊन अंतराळात शत्रूची याने पाडतो. त्याच्या आदल्या वर्षी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पटाभोवती बसून खेळण्याच्या खेळाची एक मोहीम छापली गेली, तिच्यात जादूगार आणि योद्धे डोंगरात कोसळलेल्या अवकाशयानात शिरतात. तिची मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, तिथे सापडलेले किरणांचे हत्यार हातात आल्याआल्या चालवता येत नाही. ते कसे धरायचे, काय दाबायचे, हे त्या पात्राला उमगते की ते आपल्याच अंगावर उडते, हे ठरवण्यासाठी आकृत्या दिलेल्या आहेत आणि फासे टाकत त्यांतून वाट काढावी लागते. आमच्या आजीने दूरचित्रवाणीचा रिमोट पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा तिनेही तो प्रथम उलटा धरला, मग दुरून ओवाळल्यासारखा फिरवला. परक्या वस्तूपुढे माणूस असा गोंधळला, की ती वस्तू आपोआप त्या जगाची होऊ लागते.

आणि आपण नेमके कशावर आक्षेप घेतो, हेही गमतीचेच आहे. 2011 सालच्या 'स्कायरिम' या खेळामध्ये जुन्या युरोपाच्या धर्तीवरच्या थंड उत्तरेकडच्या सरायांतून बटाटे आणि टोमॅटो मांडलेले दिसतात. ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके. कोलंबसाच्या आधी युरोपात ती कोणी पाहिलेली नव्हती. पण त्यांकडे भल्याभल्यांचे लक्ष जात नाही. आपल्याकडे पोर्तुगीज येईपर्यंत मिरची नव्हती. तरी यादवकाळावरच्या एखाद्या नाटकात सरदाराच्या भाकरीवर ठेचा वाढला, तर साताऱ्याचा एकही प्रेक्षक खुर्चीतून उठणार नाही. उलट ठेचा नसता, तर 'हा कसला सरदार' म्हणाला असता.

त्याच 'स्कायरिम'मध्ये पुढच्या वर्षी 'पोर्टल 2' या विज्ञानकथेच्या खेळातला एक बडबड्या यांत्रिक गोळा आकाशातून पडू लागला. तो अंतराळाचाच जप करतो. तो उघड उघड पाहुणा आहे, आपण पाहुणे आहोत हे लपवत नाही, म्हणून त्याचा राग येत नाही. ही रीत आम्हाला तमाशाने फार पूर्वी शिकवली आहे. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशी एस.टी. चुकल्याची तक्रार करते, पेंद्या तिला महागाईवरून छेडतो, आणि तेवढ्याने कृष्णाचे गोकुळ मोडत नाही. मावशीचा एक पाय गोकुळात आणि दुसरा समोर बसलेल्या माणसांत असतो, हा करार पहिल्या टाळीलाच झालेला असतो. सदऱ्याला मात्र हसताही येत नाही आणि गाडीसारखे राबताही येत नाही.

हे सगळे मी भाच्याला समजावून सांगितले. त्याने ते कितपत ऐकले, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेलो, तेव्हा आमच्या मातीच्या अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर त्याने उदबत्तीच्या काड्या दोऱ्याने बांधून एक उंच मनोरा उभा केला होता.

"मामा, हा टीव्हीचा टॉवर," तो म्हणाला.

महाराजांच्या किल्ल्यावर असले काही शोभत नाही, असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले होते. पण अंगणातून मान वर केली की खरा अजिंक्यतारा दिसतो, आणि शाहू महाराजांच्या राजधानीवर पहारा केलेल्या त्या डोंगरावर दूरचित्रवाणीचा मनोरा माझ्या लहानपणापासून उभा आहे. मी तोंड मिटले, घरातून लाल दिव्याची माळ आणली आणि तिचा एक दिवा मनोऱ्याच्या टोकाला बसतो का ते दोघांनी मिळून पाहिले. काड्या वाकल्या. मग तो दिवा आम्ही जीपच्या टपावर बसवला.