मॉडेल मेण ओळखायला शिकलं होतं

ऊतीचा हा पातळ काप फायब्रोॲडिनोमाचा, म्हणजे स्तनातल्या साध्या गाठीचा. शेजारचा काप रंगवून पॅथॉलॉजिस्टनं तसा निर्वाळाही दिला होता. आम्ही कापाच्या प्रत्येक ठिपक्याचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख, घेतो; त्यावरून कर्करोग की साधी गाठ ते संगणकातलं मॉडेल ठरवतं आणि नकाशा रंगवतं. या नकाशावर मात्र निम्म्याहून जास्त भाग लाल, म्हणजे कर्करोग.

पहिला संशय पाण्याच्या वाफेवर. प्रथिनांची अमाइड-१ पट्टी १६५० प्रति सेंटिमीटरच्या (ही प्रकाशाची तरंगसंख्या; पुढचे असे आकडेही याच एककात) आसपास येते आणि वाफेच्या बारीक रेषा नेमक्या १४०० ते १८०० मध्ये. पण यंत्रात रात्रभर कोरडी हवा सोडलेली होती आणि स्पेक्ट्रम गुळगुळीत होता.

मग मॉडेलचा भर कशावर आहे ते काढलं. १०८० आणि १२४० ची फॉस्फेटची शिखरं पुढे असतील असं वाटलं होतं. पुढे होतं १४६२. शिवाय २९१८ आणि २८४९ ला दोन उंच सुया. चरबी म्हणावी, तर १७४० ला एस्टरचं शिखर हवं; तिथं सपाट. हे पॅराफिन होतं, म्हणजे काप पाडण्यासाठी ऊती ज्यात बसवतात ते मेण. ७२० लाही त्याची खूण असते, पण काप कॅल्शियम फ्लोराइडच्या चकतीवर होता आणि ती इतक्या खालचं काही आरपार जाऊच देत नाही.

नोंदवही उघडल्यावर उलगडा झाला. हे मेण झायलीन या द्रावकात विरघळवून काढतात. प्रशिक्षणातले कर्करोगाचे बहुतेक काप जुन्या, मेणानं भरलेल्या झायलीनमधून काढले होते, साध्या गाठींचे ताज्या. झायलीन बदलायचा कंटाळा एवढा महाग पडतो. अचूकतेचा आकडा सगळ्यांनी पाहिला, बॅच, म्हणजे कुठले काप एकत्र धुतले गेले, ती कुणीच विचारली नाही. ६४ × ६४ च्या डिटेक्टरवर एका चौकटीत ४०९६ स्पेक्ट्रा मिळतात, पण ते सगळे एकाच बाईचे असतात. प्रशिक्षण आणि चाचणी यांत वाटणी स्पेक्ट्रमनुसार केली, तर तीच बाई दोन्हीकडे येते. वाटणी रुग्णानुसार हवी, आणि प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही प्रकारचे काप हवेत.

सगळे काप ताज्या झायलीनच्या तीन भांड्यांतून पुन्हा काढले, २९१८ ची सुई सपाट होईपर्यंत. मॉडेल नव्यानं शिकवलं. लाली गेली, एका नलिकेच्या कडेची बारीक रेघ सोडून. कडेला प्रकाश विखुरतो आणि अमाइड-१ खाली सरकल्यासारखी दिसते. ती दुरुस्ती केल्यावर रेघ फिकी झाली, पुसली गेली नाही.

शेजारच्या कापात तिथं काही नाही. पण शेजारचा काप म्हणजे हा काप नव्हे. इन्फ्रारेडनं ऊतीला इजा होत नाही, म्हणून आता हाच काप रंगवायला दिला आहे.