कुलोन प्रोगोचे डोंगर आणि माडाचा गूळ

इंडोनेशियात जावा बेटावरच्या योग्यकार्ताचा नवा विमानतळ शहरात नाही, पश्चिमेला कुलोन प्रोगो जिल्ह्यात समुद्राजवळ आहे. बहुतेक लोक तिथून थेट शहर गाठतात. मी वाटेतच, वातेस या जिल्ह्याच्या गावी उतरले. उत्तरेला मेनोरेहच्या डोंगररांगा आहेत आणि मला तिथलं खाणं तिथेच बसून खायचं होतं. वाडी-वाडीवर पोचायचं तर स्कूटर हवी.

कागदांची तयारी पुण्यातच केली होती. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना एक गोष्ट नीट बघा. मूळ परवान्यात दुचाकी असेल तरच त्या पुस्तिकेत दुचाकीची नोंद होते, आणि ती नसेल तर अपघातात प्रवासविमाही अडतो. गाडी भाड्याने घेताना नोंदणीपत्र मागून घेतलं. जावातही डावीकडूनच चालवतात, त्यामुळे सवय करून घ्यावी लागली नाही. डोंगरात पंप विरळ आहेत, पण दुकानांपुढे बाटल्यांत पेट्रोल मांडलेलं असतं. पंपापेक्षा थोडं महाग पडतं, तरी अर्धी टाकी राहिली की मी भरून घ्यायचे.

खरी कसोटी उताराची. कालिबिरूहून सर्मो धरणाकडे उतरताना मी सतत ब्रेक दाबून धरला होता. तिसऱ्या-चौथ्या वळणावर तो मऊ लागायला लागला, मग जळका वास आला. पोटात गोळा आला. कशीबशी कडेच्या मातीत गाडी थांबवली. पुढच्या वळणावर गॅरेज होतं, तिथल्या काकांनी चाकाला हात न लावता आधी मला बसवलं, चहा दिला आणि गाडी अर्धा तास थंड होऊ दिली. मग हातवारे करून शिकवलं: गिअर नसलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिन गाडीला धरत नाही. म्हणून उतरताना किंचित ॲक्सिलरेटर ठेवायचा, दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. इंजिन बंद करून उतरायचं तर कधीच नाही. त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुढचे तीन दिवस मी त्यांच्याच भरवशावर उतरले असं मला वाटतं.

गॅरेजशेजारच्या टपरीवर गेब्लेक खाल्लं. कसाव्याचं पीठ, लसूण, मीठ. त्याच्या पांढऱ्या कड्या एकमेकींना जोडून तळतात. साबुदाण्याच्या वड्याची आठवण आली, पण दाणा नाही, नुसता चिवट मऊपणा. गरमच खायचं, गार झालं की रबर होतं. या कड्यांच्या माळेचा नक्षीप्रकार जिल्ह्याच्या बाटिक कापडावरही आहे आणि शाळेतली मुलं तो सदरा घालतात.

गेब्लेकबरोबर केळीच्या पानात बांधलेलं तेंपे बेंगुक मिळतं. तेंपे म्हणजे आंबवून घट्ट झालेली बियांची वडी. बेंगुक म्हणजे काय हे विचारल्यावर बाईंनी बी आणून हातावर ठेवलं आणि मी बघतच राहिले. आपल्याकडचं कवचबीज! खाजकुहिलीच्या जातीचंच, पण लागवडीतल्या वेलाच्या शेंगेला खाजरी लव नसते. तरीही बी तसंच खाल्लं तर बाधतं. म्हणून ते उकडायचं, पाणी बदलत काही दिवस भिजवायचं, सालं काढायची, वाफवायचं आणि मग विरजण घालून पानात बांधून आंबवायचं. नारळाच्या दुधात मुरवलेल्या त्या तेंपेला सोयाबीनच्या तेंपेपेक्षा जास्त दाट, थोडी कडवट चव येते. मला ती फार आवडली. शाकाहारी असाल तर हे निश्चिंतपणे खा, पण सोबतच्या चटणीत तेरासी, म्हणजे वाटलेला कोळंबीचा गोळा, घातलाय का ते आधी विचारा.

कोकाप भागात जवळजवळ प्रत्येक अंगणात माड आणि घराघरात चूल. माणूस सकाळ-संध्याकाळ माडावर चढून नीरा उतरवतो आणि बाई ती मोठ्या कढईत तासन्‌तास आटवते. आंबू नये म्हणून नीरेच्या नळ्यात आधीच थोडा चुना घालतात. रस दाट झाला की करवंटीत ओततात. गार झाल्यावर निघतो तो अर्धगोल तपकिरी गूळ. तिथे साखरेला ‘गुला’ म्हणतात. आपला गूळ आणि हा शब्द एकाच संस्कृत मुळाचे. माडाच्या खोडाला पाय रोवायला खाचा पाडलेल्या होत्या, दोर नव्हता. पावसाळ्यात खोड निसरडं होतं आणि माणसं पडतात, असं त्या बाईंनी कढई ढवळता ढवळता सांगितलं. त्यांचा नवरा तेव्हा वरच होता. मी भाव केला नाही, कुणीही करू नये.

जातिमुल्यो गावाजवळ किस्केंडो गुहा आहे, म्हणजे किष्किंधा. तिथे वालीला सुबाली म्हणतात, आणि गुहेतून लाल व पांढरं रक्त वाहत आलं म्हणून सुग्रीवाने गुहेचं तोंड बंद केलं, असं गुहारक्षक सांगतो. मला तिथून हलावंसंच वाटत नव्हतं. पुढे सामिगालुहचे चहाचे मळे मात्र धुक्यामुळे दिसलेच नाहीत.

दोन किलो गूळ बांधून आणला. गणपतीत त्याचंच सारण केलं. त्याला चुलीच्या धुराचा वास आहे आणि किंचित खारटपणाही, त्यामुळे वेलदोडा कमी घातला. आई वेंगुर्ल्याची. तिने पहिला मोदक फोडला, वास घेतला आणि विचारलं, “माडाचो गूळ खंयसून हाडलंस गो?”